बीटा मोजून निवडलेला रेझिस्टर आणि थंडीत न ओढणारा रिले

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी पाहून पंप चालू-बंद करणारे सर्किट तुम्ही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बनवले. मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर ५ व्होल्ट आले की बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर चालू होतो आणि १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने संपर्क जोडणारा स्विच) ओढतो. मल्टिमीटरच्या खाचेत ट्रान्झिस्टर खोचून पाहिला तेव्हा बीटा, म्हणजे बेसच्या प्रवाहाच्या किती पट प्रवाह कलेक्टरमधून जातो तो आकडा, २८० आला. रिलेला ३० मिलिअँपिअर लागतात, म्हणून बेसला ०.११ मिलिअँपिअर पुरतील असे धरून तुम्ही ३९ किलोओहमचा रेझिस्टर लावला. टेबलावर सर्व सुरळीत चालले. गच्चीवर दहा-बारा दिवसांत ट्रान्झिस्टर गेला. दुसरा घातला, तर डिसेंबरात सकाळी रिले ओढत नाही आणि दुपारी ओढतो. रिलेच्या कॉइलवरचा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) ‘काढला तरी काही फरक पडत नाही’ म्हणून तुम्ही तो आधीच काढला होता. आता जास्त बीटा असलेला कोणता ट्रान्झिस्टर घ्यावा, असे तुम्ही विचारता.

जास्त बीटाचा ट्रान्झिस्टर शोधू नका. तुमच्याकडे आहे तोच बीसी ५४७ या कामाला पुरेसा आहे. तुमची आकडेमोड अचूक आहे, पण जो आकडा तिचा पाया आहे त्यावर सर्किट उभे करायचेच नसते. शिवाय तुमच्याकडे एक नव्हे, दोन स्वतंत्र दोष आहेत. सकाळी रिले न ओढण्याचे कारण बेसचा रेझिस्टर आहे आणि ट्रान्झिस्टर मरण्याचे कारण काढलेला डायोड आहे. एक दुरुस्त करून दुसरा तसाच ठेवलात, तर आणखी महिनाभर गोंधळ चालू राहील.

प्रथम बीटा ही काय चीज आहे ते पाहू, कारण पाठ्यपुस्तकात ती ट्रान्झिस्टरच्या अंगावर कोरलेल्या आकड्यासारखी येते. बीसी ५४७ सारख्या एनपीएन ट्रान्झिस्टरमध्ये एमिटर हा भरपूर अशुद्धी मिसळलेला एन प्रकारचा भाग असतो आणि बेस हा पी प्रकारचा, अतिशय पातळ आणि त्या मानाने कमी अशुद्धी असलेला थर असतो. बेस-एमिटर जोडाला पुढच्या दिशेने व्होल्टेज दिले की एमिटरमधून इलेक्ट्रॉन बेसमध्ये शिरतात. बेस इतका पातळ असतो की त्यांतील बहुतेक इलेक्ट्रॉन पलीकडच्या कडेपर्यंत पोचतात आणि कलेक्टर त्यांना ओढून घेतो. थोडेसे वाटेत होलना (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांना) मिळून नाहीसे होतात, शिवाय बेसमधील काही होल उलट एमिटरमध्ये जातात, आणि या गळतीची भरपाई करणारा प्रवाह म्हणजे बेसचा प्रवाह. बीटा हे पोचलेल्या प्रवाहाचे आणि गळतीचे गुणोत्तर आहे. एमिटरच्या प्रवाहातील ९९.५ टक्के कलेक्टरला पोचला तर बीटा १९९ येतो, ९९.८ टक्के पोचला तर ४९९. कारखान्यात बेसच्या जाडीत किंवा अशुद्धीत किंचित फरक पडला की पोचणाऱ्या प्रवाहात टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडतो, आणि बीटा अडीचपट होतो. म्हणूनच बीसी ५४७ च्या माहितीपत्रकात बीटा ११० ते ८०० असा दिलेला असतो. ए गट ११० ते २२०, बी गट २०० ते ४५०, सी गट ४२० ते ८००. पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे ट्रान्झिस्टर घेताना नावापुढचे ते शेवटचे अक्षर आपल्यापैकी किती जण पाहतात? मी स्वतः सुरुवातीची कित्येक वर्षे पाहत नव्हतो.

हा आकडा एकाच ट्रान्झिस्टरमध्येही स्थिर राहत नाही. मल्टिमीटरची खाच बेसला साधारण १० मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह देते, म्हणजे तुमचा २८० हा बीटा दोन-तीन मिलिअँपिअर कलेक्टर प्रवाहाचा आहे, ३० मिलिअँपिअरचा नाही. कलेक्टर आणि एमिटर यांच्यामधील व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या खाली येऊ लागले की तो झपाट्याने घसरतो. थंडीतही तो उतरतो; अंश सेल्सिअसला अर्धा ते एक टक्का इतका फरक धरून चालावे.

आता तुमचा डिसेंबर. बेसच्या रेझिस्टरवर ५ वजा ०.७, म्हणजे ४.३ व्होल्ट येतात. त्याला ३९ किलोओहमने भागले की ०.११ मिलिअँपिअर. पहिल्या ट्रान्झिस्टरचा बीटा २८० होता, त्यामुळे तो जेमतेम ३१ मिलिअँपिअर देऊ शकत होता आणि रिलेला ३० हवे होते. हे गणित काठावरचे आहे, पण टेबलावर ते जमून गेले. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बीटा तुम्ही मोजलेला नाही. तो २१० आहे असे समजू. मग कलेक्टरमधून २३ मिलिअँपिअरच जातील. १२ व्होल्टच्या या लहान चौकोनी रिलेच्या कॉइलचा रोध ४०० ओहम असतो, म्हणून तिच्यावर ९.२ व्होल्ट पडतील आणि उरलेले २.८ व्होल्ट ट्रान्झिस्टरवर. या रिलेचा उत्पादक साधारणपणे ७५ टक्के व्होल्टेजला, म्हणजे ९ व्होल्टला, रिले ओढेल एवढीच हमी देतो. तुम्ही नेमके त्या रेषेवर उभे आहात. पहाटे गच्चीवरचा डबा दुपारपेक्षा १५-२० अंशांनी थंड असतो. बीटा दहा टक्क्यांनी उतरला की प्रवाह २१ मिलिअँपिअरच्या खाली जातो आणि आर्मेचर, म्हणजे रिलेमधली हलणारी लोखंडी पट्टी, जागचे हलत नाही.

इथे एक बारकावा आहे. ‘थंडीत तांब्याचा रोध कमी होतो, मग प्रवाह वाढून रिले अधिक चांगला ओढायला हवा’ असा युक्तिवाद तुमचे सर करतील, आणि ट्रान्झिस्टर पूर्ण चालू असता तर तो बरोबरच ठरला असता. पण तुमच्या सर्किटमध्ये प्रवाह कॉइलचा रोध ठरवत नाही, ट्रान्झिस्टर ठरवतो. कॉइलचा रोध कमी झाला तर फक्त ट्रान्झिस्टरवर पडणारे व्होल्टेज वाढते. आर्मेचर ओढायला लागणारे चुंबकीय बळ मात्र कॉइलच्या वेढ्यांवर आणि प्रवाहावर अवलंबून असते, आणि तो प्रवाहच कमी पडला आहे. रिले थंडीत आजारी पडतो की उन्हाळ्यात, एवढ्यावरूनसुद्धा ट्रान्झिस्टर स्विच म्हणून चालतो आहे की अर्धवट, याचा पुष्कळदा अंदाज येतो.

याची खात्री एका मोजणीत होते. सकाळी, रिले ओढायला हवा त्या वेळी, मीटरची काळी पिन एमिटरवर आणि लाल पिन कलेक्टरवर धरा. तिथे ०.२ व्होल्टपेक्षा कमी दिसले तर ट्रान्झिस्टर पूर्ण चालू आहे आणि माझे सर्व म्हणणे चुकले. दोन, तीन किंवा चार व्होल्ट दिसले तर ट्रान्झिस्टर मधल्या अवस्थेत लटकला आहे. दुरुस्तीला आलेल्या कोणत्याही रिले ड्रायव्हरवर मी पहिली मोजणी हीच करतो.

उपाय असा की बीटाचा विचार सोडून द्यायचा आणि कलेक्टर प्रवाहाच्या दहाव्या ते विसाव्या हिश्श्याइतका प्रवाह बेसला सरळ द्यायचा. पंधरावा हिस्सा धरला तर २ मिलिअँपिअर. ४.३ व्होल्ट भागिले २ मिलिअँपिअर म्हणजे २.१५ किलोओहम, म्हणून बाजारात मिळणारा २.२ किलोओहमचा रेझिस्टर लावा. तुमच्या ३९ किलोओहमच्या तुलनेत हा आकडा पाहून दचकायला होते, हे मला माहीत आहे. बेसला गरजेपेक्षा जास्त प्रवाह दिला की बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर हे दोन्ही जोड पुढच्या दिशेने चालू होतात, बेसच्या थरात इलेक्ट्रॉन-होलांची गर्दी साचते आणि कलेक्टरचे व्होल्टेज एमिटरच्या अगदी जवळ येऊन थांबते; यालाच सॅच्युरेशन म्हणतात. तिथे पोचल्यावर प्रवाह फक्त १२ व्होल्ट आणि ४०० ओहम ठरवतात. मग बीटा १२० असो वा ७००, रिलेला त्याचा पत्ता लागत नाही. माहितीपत्रकातही सॅच्युरेशनचे व्होल्टेज देताना बेसचा प्रवाह कलेक्टरच्या विसाव्या हिश्श्याइतका धरलेला असतो, उदाहरणार्थ १०० मिलिअँपिअरला ५ मिलिअँपिअर. उत्पादक स्वतः स्विचसाठी बीटा २० धरतो, तर आपण २८० का धरावा?

जास्त बेस प्रवाहाने ट्रान्झिस्टर तापेल ही भीतीही मनातून काढा. २.८ व्होल्ट गुणिले २३ मिलिअँपिअर म्हणजे आत्ता तुमच्या ट्रान्झिस्टरमध्ये ६४ मिलिवॉट उष्णता होते. नव्या रेझिस्टरने कलेक्टरकडे ०.१ व्होल्ट गुणिले ३० म्हणजे ३ मिलिवॉट आणि बेसकडे दीड मिलिवॉटच्या आत, मिळून पाच मिलिवॉटसुद्धा होत नाहीत. मायक्रोकंट्रोलरच्या पिनलाही २ मिलिअँपिअर जड नाहीत. पुढे ३.३ व्होल्टचा कंट्रोलर वापरलात तर २.६ व्होल्टच उरतात, म्हणून १.२ किलोओहम घ्या. त्याचबरोबर बेस आणि एमिटर यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर जोडा. कंट्रोलर सुरू होताना त्याची पिन क्षणभर कुठेच जोडलेली नसल्यासारखी असते, त्या क्षणी पंपाला उचकी लागू नये एवढ्यासाठी तो आहे, आणि तो जेमतेम ०.०७ मिलिअँपिअर खातो.

आता मेलेला ट्रान्झिस्टर. वरच्या हिशोबावरून दिसेल की तो उष्णतेने गेलेला नाही. ४०० ओहमच्या कॉइलमागे १२ व्होल्टवर बीसी ५४७ मध्ये जास्तीत जास्त ९० मिलिवॉट होऊ शकतात, तेही त्याच्यावर बरोबर ६ व्होल्ट पडले असताना. तो सुमारे अर्धा वॉट सोसतो. त्याला मारले ते रिले सुटतानाच्या झटक्याने.

कॉइलमधून ३० मिलिअँपिअर वाहत असताना तिच्या चुंबकीय क्षेत्रात थोडी ऊर्जा साठलेली असते. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी कॉइलमधला प्रवाह एकदम शून्य होत नाही. वाट बंद दिसली की कॉइल स्वतःचे व्होल्टेज वाढवत जाते, आणि कलेक्टरवरचे व्होल्टेज १२ वरून ५०, ८०, १०० असे चढते, कुठेतरी वाट मिळेपर्यंत. बीसी ५४७ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ४५ व्होल्ट आहे. तिच्यापलीकडे कुठेतरी त्याचा जोड कोसळतो आणि कॉइलची सगळी ऊर्जा त्यातून निघून जाते. ही ऊर्जा फार नसते. कॉइलचे प्रेरकत्व हिशोबापुरते ०.३ हेन्री धरले तर ती ०.१४ मिलिज्यूलच्या आसपास येते. म्हणूनच ट्रान्झिस्टर पहिल्याच वेळी मरत नाही, आणि ‘डायोड काढला तरी फरक पडत नाही’ असे वाटते. पण प्रत्येक वेळी रिले सुटला की तोच मार, आणि एक दिवस तो कायमचा शॉर्ट होतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून मेलेल्या ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-एमिटर तपासा. बहुधा दोन्ही दिशांना शून्याच्या जवळ वाचन मिळेल.

याच झटक्याने कंट्रोलरही मधूनच रीसेट होत असेल. तुम्ही लिहिलेले नाही, पण ‘कधीकधी प्रोग्रॅम अडकतो’ ही तक्रार विद्यार्थी सहसा सॉफ्टवेअरच्या खात्यात टाकतात.

डायोड लावला की कलेक्टर १२.७ व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही. कॉइलचा प्रवाह डायोडमधून गोल फिरतो आणि कॉइलच्याच रोधात विरतो. १एन४००७ लावा, स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो. त्याची पांढरी पट्टी अधिक १२ व्होल्टकडे आणि दुसरे टोक कलेक्टरकडे. उलट लावलात तर ट्रान्झिस्टर चालू होताक्षणी पुरवठा डायोडमधून आणि ट्रान्झिस्टरमधून शॉर्ट होईल, आणि या वेळी दहा दिवस थांबावे लागणार नाही. डायोडमुळे रिले सुटायला काही मिलिसेकंद जास्त लागतात, पण पाण्याच्या पंपाला त्याचे सोयरसुतक नाही.

ट्रान्झिस्टर बदलताना एक काळजी घ्या. बीसी ५४७ सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरला तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. पीएन २२२२ए मध्ये तो एमिटर, बेस, कलेक्टर असा उलटा आहे. जुन्या प्रयोगशाळांतील एसएल १०० ला गोल धातूची टोपी आणि कडेला कान असतो, त्याच्या जवळचा पाय एमिटरचा. कलेक्टर-एमिटर उलटे लागले तरी ट्रान्झिस्टर थोडेफार काम करतो, हीच खरी अडचण. बीटा अगदी कमी होतो, आणि बेस-एमिटर जोड, जो उलट दिशेने ६ व्होल्टच सोसतो, त्याच्यावर १२ व्होल्ट येतात. मग रिले पूर्ण सुटतही नाही आणि पूर्ण ओढतही नाही. पायांबद्दल शंका असेल तर मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा, लाल पिन बेसवर धरा आणि काळी पिन आळीपाळीने दोन्ही बाजूंच्या पायांवर टेकवा. एकीकडे समजा ०.६८० आणि दुसरीकडे ०.६७४ दिसेल. जिथे वाचन किंचित जास्त, तो एमिटर. एमिटरमध्ये अशुद्धी जास्त आणि त्या जोडाचे क्षेत्रफळ लहान असल्यामुळे हा फरक पडतो. ट्रान्झिस्टर बोटांत धरून मोजू नका, कारण जोडाचे व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते आणि बोटांच्या उबेने तो सहा मिलिव्होल्टचा फरक बुडून जातो.

‘०.७ व्होल्ट’ हेही त्यामुळे सोयीचे गोल माप आहे, भिंत नव्हे. आदर्श जोडात खोलीच्या तापमानाला प्रवाह दहापट करायला ६० मिलिव्होल्टच जास्त लागतात. वरच्या हिशोबात ०.७ ऐवजी ०.६५ धरले तरी २.२ किलोओहमच्या निवडीत काही बदलत नाही, आणि असेच असायला हवे.

तुमची समजूत एकट्या तुमची नाही, हे सांगायला माझाच एक अनुभव सांगतो. भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नवा असताना रिले ड्रायव्हरचे बोर्ड काढले होते. बेसचा रेझिस्टर मीच निवडला होता, आणि पहिल्या खेपेचे ट्रान्झिस्टर सी गटाचे होते. दुसऱ्या खेपेला खरेदी विभागाने ए गट आणला. नाव तेच, पाय तेच, किंमत किंचित कमी. बोर्ड तपासणीतून पास झाले, कारण तपासणीच्या टेबलावर १२ ऐवजी १३ व्होल्टचा पुरवठा होता आणि रिलेही त्यातल्या त्यात हलक्याने ओढणारे होते. ग्राहकाकडून तक्रारी सुरू झाल्यावर मी खरेदीवाल्यांशी दोन दिवस वाद घातला. नंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने काही न बोलता माझ्या बोर्डवर कलेक्टर-एमिटरचे व्होल्टेज मोजून दाखवले, आणि खरेदीत नव्हे, माझ्या रेझिस्टरमध्ये खोट होती हे मला कबूल करावे लागले.

‘मग प्रवर्धकात (अँप्लिफायरमध्ये) तरी बीटा वापरायचा ना’ हे तुम्ही पुढे विचारालच. तिथेही तो टाळायचाच असतो. १२ व्होल्टवर ४७ आणि १० किलोओहम या दोन रेझिस्टरचा विभाजक बेसला लावा, एमिटरला १ किलोओहम आणि कलेक्टरला ३.९ किलोओहम. बेसवर २.१ व्होल्ट, एमिटरवर १.४, म्हणून प्रवाह १.४ मिलिअँपिअरच्या आसपास. नीट सोडवून पाहा: बीटा २०० असताना १.३४ मिलिअँपिअर येतो आणि ५०० असताना १.३८. बीटा अडीचपट झाला तरी प्रवाह तीन टक्केही हलत नाही. याऐवजी पुरवठ्यापासून बेसला एकच मोठा रेझिस्टर जोडला असता, तर प्रवाहही जवळजवळ अडीचपट होऊ पाहिला असता. प्रयोगशाळेत ही एकाच रेझिस्टरची मांडणी पहिल्यांदा शिकवतात, सोपी म्हणून. माझ्या मते ती शेवटी शिकवावी, काय करू नये याचे उदाहरण म्हणून.

कोणी ‘ट्रान्झिस्टर सोडा, मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर) लावा’ असा सल्ला दिला तर तोही तपासून घ्या. आयआरएफझेड ४४एन या मॉस्फेटचे गेटचे उंबरठा व्होल्टेज २ ते ४ व्होल्ट असते, पण ते २५० मायक्रोअँपिअर वाहू लागण्याचे व्होल्टेज आहे, पूर्ण चालू होण्याचे नाही. ५ व्होल्टवर एखादा नग चालतो, एखादा अर्धवट राहतो. यूएलएन २००३ हा आयसी मात्र चांगला पर्याय आहे. त्यात सात डार्लिंग्टन जोड्या (एकामागे एक जोडलेले दोन-दोन ट्रान्झिस्टर) आणि डायोड आतच असतात. फक्त त्याची कॉमन पिन रिलेच्या १२ व्होल्टला जोडायची, नाहीतर आतले डायोड असून नसल्यासारखे. शिवाय डार्लिंग्टनवर जवळजवळ एक व्होल्ट पडतो, त्यामुळे ५ व्होल्टच्या रिलेला तो फारसा मानवत नाही. तुमच्या १२ व्होल्टच्या रिलेला चालेल.

राहता राहिली रिलेची दुसरी बाजू. त्यावर छापलेले १० अँपिअर रोधी भारासाठी आहेत, मोटरसाठी नव्हेत. एक अश्वशक्तीचा पंप सुरू होताना चालू प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढतो आणि या लहान रिलेचे संपर्क काही महिन्यांत चिकटतात. मग ट्रान्झिस्टर बंद, कॉइल बंद, आणि तरीही पंप चालूच, टाकी वाहते आहे, असे दृश्य दिसते. या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा प्रवाह पेलणाऱ्या मोठ्या रिलेची) २३० व्होल्टची कॉइल चालवा आणि पंप कॉन्टॅक्टरवर द्या. ती जोडणी परवानाधारक वायरमनकडून, मेन स्विच खाली करून घ्या. त्याआधी १२ व्होल्टच्या बाजूला २.२ किलोओहम, १० किलोओहम आणि डायोड बसवा, आणि एखाद्या सकाळी सहा वाजता कलेक्टर-एमिटरचे व्होल्टेज मोजून मला कळवा.